वाकड्या फांदीपाशी सोडलेला कॅमेरा

झोटवाड़ा, जयपूर
५ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप मामांना,
हर्षालीचा साष्टांग नमस्कार.

सोबतचं खोकं उघडून दचकू नका. त्यात पाण्याखाली बघायचा कॅमेरा आहे. मासे धरणाऱ्यांसाठीच बनवतात. लिंबाएवढं तोंड आहे आणि मागं वीस मीटर वायर. तोंड पाण्यात सोडायचं आणि होडीत बसून या छोट्या टीव्हीवर तळ बघायचा. अंधार लागला की त्याचे दिवे आपोआप लागतात. मागं फोनवर आत्या म्हणाल्या होत्या की धरणात बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत अडकून तुमची जाळी फाटतात. तळच दिसत नाही, तर माणूस जाळं टाकणार तरी कुठं? ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

खरं सांगते, हा मी घेतलेला नाही. यांनी, तुमच्या लेकानं, घेतला. यांच्या युनिटमधले पवनजी सुट्टीच्या दिवशी मासे धरायला जातात. त्यांच्याकडचा बघून यांनी तसाच मागवला. मला वाटलं, तुम्हालाच पाठवणार. पण खोकं आलं ते कपाटावर गेलं आणि सहा महिने तिथंच राहिलं. मी दोनदा विचारलं. एकदा "बघू" म्हणाले, एकदा काहीच म्हणाले नाहीत. पाठव असंही नाही, नको असंही नाही. शेवटी मीच पाठवते आहे. विचारतील तेव्हा सांगेन.

चालतो की नाही ते ज्ञानदानं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सोडून बघितलं. टाकीत इतकं शेवाळ निघालं की घरमालकांना टाकी धुवायला लावली.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आत्यांना फोन सोडवत नाही, आणि या भाड्याच्या दोन खोल्यांत काही गोष्टी मोठ्यानं बोलता येत नाहीत. म्हणून पत्र. काय दिसतं ते कळवा. चार वर्षं झाली तिकडं येऊन. इथं सगळं आहे मामा, पण सकाळी दार उघडल्यावर पाण्याचा वास येत नाही.

तुमची,
हर्षाली

—

धारकळंब
२२ नोव्हेंबर

चि. सौ. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. पोस्टमनला सही दिली तरी तो हलेना. उघडा म्हणाला, मलाही बघू द्या.

पोरी, चाळीस वर्षं पाण्यावर काढली, पण पाण्याच्या पोटात काय आहे ते मी हातानंच ओळखत आलो. दोराला ओढ लागली की कळायचं, हा खुंट आहे का मासा. आता डोळ्यांनी बघितलं. आधी नुसतं हिरवं धुकं दिसतं. मग त्यातनं बाभळीची फांदी पुढं येते. पानं कधीच गेली, पण शेवाळ पानांसारखं हलतं. मग चिलापी मासे येतात आणि कॅमेऱ्याला तोंड लावून बघतात, हा कोण पाव्हणा आला म्हणून. एक वाम गेली, हातभर लांब. मी होडीत एकटाच हसलो.

आता तळ बघून मगच जाळं टाकतो. या आठवड्यात एकही फाटलं नाही. तुझ्या आत्याला टीव्ही दाखवला तर तिनं एकदाच बघितलं, "बंद करा ते" म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दर्शननं घेतला म्हणतेस. कशासाठी घेतला ते तो काही बोलला का? थोरला परीक्षित पाण्यात गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर्शन एकदाही पाण्यापर्यंत आलेला नाही. गावी येतो तेव्हा रस्त्याकडच्या ओट्यावर बसतो, धरणाकडं पाठ करून. असा माणूस पाण्यात बघायचा कॅमेरा घेतो, म्हणून विचारलं.

शेजारच्या राघवनं आठवडाभराचं चित्र कार्डावर भरून दिलंय. पाकिटात घातलंय. ज्ञानदाला मासे दाखव.

उत्तमराव

—

झोटवाड़ा, जयपूर
७ डिसेंबर

तीर्थरूप मामांना,
साष्टांग नमस्कार.

कार्ड टीव्हीला लावलं आणि आमच्या खोलीत तुमचं पाणी आलं. मी आणि ज्ञानदा जमिनीवर बसून बघत होतो. तेवढ्यात हे ड्यूटीवरून आले. एक बूट काढला होता, दुसरा पायातच. तसेच दारात उभे राहिले.

"हे कुठलं पाणी?"

"आपलंच. मामांनी पाठवलंय."

मला वाटलं, आता कपाटावर बघतील, न विचारता पाठवल्याबद्दल बोलतील. तसं झालं नाही. दोनेक मिनिटं बघितलं. "बाभळी दाट आहेत तिथं," एवढं म्हणाले आणि एका बुटावरच जिना चढून गच्चीवर गेले. जेवायला बोलवायला ज्ञानदाला पाठवावं लागलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मामा, भाऊजी गेले तेव्हा मी तान्ह्या ज्ञानदाला घेऊन माहेरी होते. वाऱ्यानं होडी उलटली, हे पोहून काठाला लागले, भाऊजी सापडले नाहीत आणि होडीही नाही. मला एवढंच माहीत आहे. त्यापुढचं यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. माणूस घरात आहे. जेवतो, पोरीला गणितं शिकवतो, माझ्या चहात साखर जास्त झाली म्हणून हसतो. आणि तरी मला सारखं असं होतं की मी यांची वाट बघते आहे. समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघतात, ते कुणाला सांगायचं? तुम्हाला सांगितलं. राग मानू नका.

खाली ज्ञानदानं लिहिलं आहे.

तुमची,
हर्षाली

आजोबा नमस्कार! मी ज्ञानदा. आई म्हणते माझी मराठी हिंदीसारखी आहे, तर समजून घ्या. मासे एकदम मस्त आहेत. ती सापासारखीवाली तर सगळ्यात भारी. एक विचारायचं होतं. व्हिडिओवर तारीख येते ना, मी ती नीट बघितली. पहिले दोन दिवस तुम्ही वेगवेगळ्या जागी आहात. मग पाच दिवस एकाच जागेवर. मतलब तीच वाकडी फांदी, रोज. तिथे तर मासे पण कमी आहेत. मग का?

—

धारकळंब
२१ डिसेंबर

चि. सौ. हर्षालीस आशीर्वाद.

ज्ञानदाला सांग, वाकड्या फांदीपाशी एक मोठी मरळ राहते, तिच्यासाठी आजोबा बसतात. आणि तिची मराठी चांगली आहे म्हणावं. मला सगळी समजली.

यापुढचं तू एकटीनं वाच.

मरळ नाही तिथं. त्या दुपारी वारा कुठनं सुटला होता आणि दर्शन कुठल्या काठाला लागला, यावरनं मी ती जागा धरलीय. तेव्हा आम्ही सात दिवस शोधलं. गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात होत्या. गळ टाकले, पाणबुडे आणले. आठव्या दिवशी लोक आपापल्या कामाला गेले. त्यांचं चुकलं नाही. मी मात्र अजून रोज जाळं टाकायला जातो तेव्हा वाट थोडी वाकडी करून तिथनंच जातो. आता हातात हे यंत्र आलंय, तर बघतो.

काय सापडावं असं वाटतं, ते मलाही सांगता येत नाही. अकरा वर्षांनी काय राहणार? पण बापानं बघितलंसुद्धा नाही, असं होऊ नये.

अजून काही दिसलेलं नाही. फांद्या आणि चिखल. दर्शनला हे कळवू नकोस. तो तिकडं नोकरीत आहे, पोरीबाळीत आहे, तसाच राहू दे.

तू वाट बघतेस म्हणालीस. मी काय सांगू? या घरातही तेच चालू आहे. तुझी आत्या बोलत नाही एवढंच.

ज्ञानदासाठी राघवनं चांगले चांगले मासे निवडून दुसऱ्या कार्डावर घेतलेत. सोबत ठेवतो.

उत्तमराव

—

झोटवाड़ा, जयपूर
१७ जानेवारी २०२६

तीर्थरूप मामांना,
साष्टांग नमस्कार.

बुधवारी संक्रांत झाली. इथं त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं. ज्ञानदा सकाळपासून पतंगाच्या मांज्यानं बोटं कापून घेत होती, आणि मीही वरच होते. दुपारी तिळाच्या वड्या आणायला खाली आले तर हे टीव्हीसमोर बसलेले. तुमचं दुसरं कार्ड लावलं होतं.

ते मासे आम्ही आठवड्यापूर्वीच बघितले होते. मासे संपले की पडदा काळा होतो, तिथंच आम्ही बंद केलं होतं. पण यांनी बंद केलं नाही. काळ्या पडद्यानंतर पुन्हा चित्र सुरू होतं. राघवला पुसायचं राहिलं असेल. ती वाकडी फांदी आहे. तिच्याखाली चिखलात पत्र्याच्या होडीचं तोंड वर आलेलं आहे. तोंडाला कडी, कडीला दोर. दोराला जाळं आहे आणि ते बाभळीला गुंडाळलेलं आहे. जाळ्यात माशांचे काटे लटकले आहेत, आणि एक मासा जिवंत आहे, सुटायला धडपडतो आहे. वर तारीख आहे, १५ डिसेंबर.

तुमच्या पत्रावर २१ डिसेंबर आहे. काही दिसलं नाही, असं तुम्ही लिहिलं होतं.

यांनी चित्र तिथंच थांबवलं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आबांनी हे बघितलंय." वर पोरं ओरडत होती, कुणाचा तरी पतंग कापला होता. मी यांच्या शेजारी जाऊन बसले. यांनी माझा हात धरला. किती वर्षांनी, ते मी लिहीत नाही.

तुमचं गुपित मी राखलं होतं. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तुमचं पत्र यांना दाखवलं. दोन दिवस बसून यांनी तुम्हाला पत्र लिहिलं आहे. ते सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

हर्षाली

—

जयपूर
१७ जानेवारी

ती. आबांस,
दर्शनचा नमस्कार.

आबा, कडीला दोर बांधलेला आहे. तो कापलेला नाही. तुम्ही जन्मभर जाळं टाकणारे, तुम्हाला एका नजरेत कळलं असणार. तरी मी सांगतो. मी सांगितलं पाहिजे.

मी तेव्हा सर्वांना सांगितलं की वाऱ्यानं होडी उलटली. वारा होता. पण होडी वाऱ्यानं उलटली नाही. जाळं बाभळीत अडकलं होतं. दादानं दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाला, "काप. वारा सुटतोय, निघू." चाकू माझ्या हातात होता. मी म्हणालो, "नवं जाळं आहे, निघतंय, थोडं ओढ." मी दोर कडीला बांधला आणि आम्ही दोघं एका अंगाला येऊन ओढायला लागलो. मी सैन्यातला, अंगात जोर होता, घरच्यांना तो दाखवायचा होता. होडी त्या अंगाला कलली, आणि तेवढ्यात लाट आत आली. एकदाच आली. पत्र्याची होडी, लगेच तळाला गेली.

दादाचा पाय जाळ्यात अडकला असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, तो माझ्या मागं आहे. काठाजवळ येऊन मी वळून बघितलं तेव्हा मागं नुसत्या लाटा होत्या.

काठावर तुम्ही मला मिठी मारलीत आणि म्हणालात, एक तरी वाचला. त्यानंतर मला खरं सांगता येईना. एक दिवस गेला, मग वर्ष गेलं.

कॅमेरा मी त्यासाठीच घेतला होता. तो तुमच्या हातात पडला तर तुम्ही तिथंच जाणार, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला दिसावं असं वाटत होतं. माझ्या तोंडातून निघत नव्हतं, तर पाण्यानं सांगावं. आणि खोकं घरी आल्यावर तेवढीही हिंमत राहिली नाही.

तुम्ही जे म्हणाल ते मला मान्य आहे. येऊ नको म्हणालात तरी.

दर्शन

—

झोटवाड़ा, जयपूर
८ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांना,
नमस्कार.

तीन आठवडे झाले. तुमचं पत्र नाही. फोनवर आत्या हरभऱ्याबद्दल आणि थंडीबद्दल बोलतात. यांनी फोन घेतला की दोन्हीकडून गप्प.

हे रोज घरी येताना खालच्या पत्रपेटीत हात घालून बघतात. पेटी रिकामी आहे हे बाहेरूनच दिसतं, तरी हात घालतात. मला बाकी काही मागायचं नाही. एक ओळ लिहा. रागाची असली तरी चालेल. रागाच्या ओळीवर माणूस जगतो. हे असं जगता येत नाही.

हर्षाली

—

धारकळंब
९ फेब्रुवारी

चि. दर्शनास आशीर्वाद.

पत्र पोचलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला रोज बसत होतो. चार कागद फाडले.

दोर बघितला त्याच दिवशी मला कळलं होतं. राघव होडीत होता, त्याला म्हणालो, हे पुसून टाक. हर्षालीला खोटं लिहिलं ते तुझ्यासाठी. तुला आणखी त्रास नको, असं वाटलं. पण त्यात माझाही स्वार्थ होता, तो आता सांगतो.

त्या दिवशी सकाळी तुम्ही निघालात तेव्हा तू पुढं वल्ही घेऊन गेला होतास. परीक्षित मागं थांबून दोर गोळा करत होता. मी त्याला म्हणालो, "जाळं सोडून आलात तर घरात घेणार नाही." हसत नव्हतो. तुझ्या आईनं आणि मी चार महिने बसून ते विणलं होतं, आणि आधीचं जाळं त्यानं असंच कापून टाकलं होतं, म्हणून मी चिडलो होतो. तुला हे माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तू ओढ म्हणालास आणि तो थांबला, तो तुझ्या सांगण्यानं थांबला का माझ्या, हे कोण सांगणार? अकरा वर्षं मी समजत होतो की माझ्यामुळं. तू समजत होतास की तुझ्यामुळं. दोघंही एकमेकांना तोंड दाखवत नव्हतो.

माफी वगैरे मला लिहिता येत नाही. तू माझ्याकडं मागू नकोस, मीही तुझ्याकडं मागत नाही. एक काम आहे ते सांगतो.

ते जाळं अजून मासे धरतंय. नायलॉन कुजत नाही. खालचं चिखलात गेलंय, पण बाभळीवरचं उभं आहे. मासा येतो, अडकतो, मरतो. त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. अकरा वर्षं चाललंय. हे बघितल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. ते काढलं पाहिजे. मी एकदा प्रयत्न केला, माझ्या एकट्याच्यानं होत नाही. आता हातात तेवढा जोर राहिला नाही.

सुट्टी काढ आणि ये.

तुझा,
आबा

—

धारकळंब
३ मार्च

चि. सौ. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

दर्शन आठ दिवसांसाठी आला, त्याचे दहा झाले. त्याला रागावू नकोस. फोनवर तो तुला थोडंथोडं सांगतो हे मी ऐकतो, पण सगळं सांगत नाही. म्हणून मी लिहितो.

पहिल्या दिवशी तो काठापर्यंत आला आणि उभा राहिला. मी होडी धरून उभा. राघव त्याच्या होडीत. बराच वेळ गेला. मग त्यानं चपला काढल्या, हातात घेतल्या, पुन्हा खाली ठेवल्या आणि आत आला. बसताना त्यानं माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठला.

वाकड्या फांदीपाशी गेल्यावर कॅमेरा त्यानंच सोडला. टीव्ही मांडीवर घेऊन तो बघत होता आणि मी गळ सोडत होतो. "आबा, डावीकडं. अजून थोडं. लागला." एवढंच बोलणं. वारा सुटायच्या आत काठाला यायचं असं ठरवलं होतं, म्हणून रोज सकाळचे तीन तास. पहिल्या दिवशी दोर वर आला. दर्शननं चाकू काढला, पण हात चालेना. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी तो कापला. मग आठवडाभर तुकड्या-तुकड्यांनी जाळं काढलं. दोन चिलापी जिवंत निघाल्या, त्या सोडून दिल्या. परीक्षितचं काही सापडलं नाही. होडी वर काढायची का, असं राघवनं विचारलं. दर्शननं माझ्याकडं बघितलं. आम्ही ती राहू दिली.

शेवटच्या दिवशी जाळं काठावर टाकलं होतं. चिखलाचा ढीग नुसता. तुझी आत्या भाकरी घेऊन आली. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, जुनं जाळं काढतोय एवढंच. ती ढिगाजवळ बसली, एक टोक हातात घेतलं, पाण्यात खळबळून धुतलं आणि गाठी बघायला लागली. आपल्या हातच्या गाठी बाई ओळखते. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "हे आपलं आहे."

मग दर्शन तिच्यासमोर चिखलात बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. चाकूचं, कडीचं, ओढण्याचं. मी माझंही सांगितलं. मला वाटलं, ही आता आम्हा दोघांना शाप देईल. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पाण्यात असताना शेवटी काय बोलला रं तो?"

पोरी, अकरा वर्षं तिला हेच विचारायचं होतं. दर्शनला विचारलं तर तो तुटेल, आणि मला माहीत नाही, म्हणून ती गप्प होती. आणि आम्ही समजलो की तिला काही विचारायचं नाही.

दर्शन म्हणाला, "तू हो पुढं, मी आलोच, असं म्हणाला."

तिनं हातातलं जाळ्याचं टोक खाली ठेवलं. मग म्हणाली, "आलोच म्हणाला होता. मग मी वाट बघत होते ते काही उगीच नव्हतं."

आणि तिनं दर्शनला जवळ ओढला आणि पदराच्या टोकानं त्याच्या कानामागचा चिखल पुसायला लागली. तो बेचाळीस वर्षांचा माणूस, तिनं मान वळवली तशी वळवत होता.

हे कालचं. संध्याकाळी तो जेवला आणि लवकरच ओट्यावर आडवा झाला, तो अजून गाढ झोपलाय. ऊन पायावर आलंय. शेजारच्यांची म्हैस ओट्याला अंग घासून गेली तरी त्याला जाग नाही. आज तुला फोन करायचा होता त्याला. तू वाट बघत असशील, म्हणून पत्र लिहायला बसलो. उठवलं असतं, पण तुझी आत्या त्याच्या उशाशी बसलीय आणि मला हातानं खुणावते, राहू द्या.

उत्तमराव